खिडकीकडचा शब्द

दिगू, उद्या शनिवार आहे. सकाळची शाळा. घंटा होईल, प्रार्थना होईल आणि मग नववी-दहावीची पोरं एका वर्गात दाटीवाटीने बसून आपली वाट बघतील. आपली म्हणजे दोघांची. तू खिडकीपाशी, मी दारापाशी, मध्ये फळा, फळ्यावर इंग्रजीतले दोन शब्द आणि तास संपेपर्यंत तुझं-माझं भांडण. पालमच्या आपल्या शाळेत इतकी वर्षं हे चाललं. पोरांना वाटायचं, सर लोक खोटं खोटं भांडतात. मला विचारशील तर आपण खरंच भांडत होतो. आणि तू मध्येच उठून गेलास. भांडण अर्धं टाकून पळणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते मी तुला तोंडावर सांगितलं असतं. आता कुणाच्या तोंडावर सांगू?

परवा शाळेत तुझी शोकसभा झाली. एकेक जण उठला आणि दिगंबर सर फार मनमिळाऊ होते असं म्हणून बसला. मनमिळाऊ! तू हट्टी होतास. चहा पिताना फुर्रफुर्र आवाज करायचास. दर सोमवारी एसटी चुकली म्हणून उशिरा यायचास आणि आल्यावर असं तोंडभर हसायचास, जसं काही आम्हीच लवकर आलो होतो. मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि नुसताच उभा राहिलो. कुणीतरी पाणी आणून दिलं. ज्याच्याशी रोज तोंड वाजवलं, त्याच्याबद्दल दोन वाक्यं मला बोलता आली नाहीत. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी खिडकीकडे.

हे भांडणाचं खूळ तुझंच. परभणीला बी. ए. करताना आपण दोघंही इंग्रजीत गटांगळ्या खात होतो. तुझी भाड्याची खोली होती, मी वसतिगृहात. गाइड पाठ करकरून माझं डोकं बधिर झालं होतं. शब्दकोश उघडावा तर दोन निराळ्या शब्दांपुढे मराठीत एकच अर्थ लिहिलेला. एक दिवस तू ते गाइड खाटेवर फेकलंस आणि म्हणालास, "उत्तम्या, खामोखा मरायलो आपण. दोन शब्द घे. एक तुझा, एक माझा. माझ्या शब्दाच्या जागी तुझा शब्द बसू द्यायचा न्हाई. भांड माझ्यासंग."

पहिली जोडी 'हिअर' आणि 'लिसन'. स्टेशनासमोरच्या टपरीवर बसलो होतो. तू म्हणालास, गाडीची शिट्टी सगळ्या परभणीला हिअर होते, पण ज्याचं माणूस त्या गाडीने यायचं असतं तो एकटा ती लिसन करतो. मी म्हणालो, "मग माझी आई माझ्या बापाचं जन्मभर हिअरच करत आली." तू इतका हसलास की चहा नाकातून आला. त्या वर्षी आपण दोघंही इंग्रजीत पास झालो. आपल्या दोघांच्याही घरात त्या अगोदर हे कुणाला जमलं नव्हतं.

पुढे पालमला एकाच शाळेत लागलो आणि तू तेच खूळ वर्गात आणलंस. नियम तुझाच, शब्दकोशातला अर्थ सांगायचा नाही, आपल्या गल्लीतला, आपल्या रानातला दाखला द्यायचा. 'सी', 'लुक' आणि 'वॉच' शिकवताना तू टेबलावर चढून पाखरं राखणाऱ्यासारखा गोफण फिरवलीस. हेडमास्तर दारातून म्हणाले, "हा काय तमाशा?" तू वरूनच म्हणालास, "सर, तुम्ही सी करताय. जरा वॉच करा." 'स्टील' आणि 'रॉब', दोन्ही चोरीचेच शब्द, त्या दिवशी आपण दोघं घसा बसेपर्यंत भांडलो, पोरांच्या डोक्यात काही शिरेना. मागच्या बाकावरची एक पोरगी उठली आणि म्हणाली, "सर, आमची शेळी स्टील झाली. आजी रॉब झाली." तू खडू खाली ठेवलास आणि टाळ्या वाजवल्यास. घरी जाताना वाटेत म्हणालास, "आता आपुन मेलो तरी चालतंय." असं बोलू नये. मी तेव्हाच म्हणालो होतो, असं बोलू नये.

पण आपली सगळीच भांडणं वर्गात बसण्यासारखी नव्हती.

ज्या वर्षी विद्यापीठाचं नाव बदलायचं मुंबईत ठरलं आणि इकडे मराठवाड्यातली गावं पेटली, ते आपलं कॉलेजचं वर्ष. माझ्या गावाचं नाव मी अजूनही सहज घेत नाही. तिथे आमच्या वस्तीवर लोक चालून येणार अशी बातमी होती. आणि ते आलेच. आमचं छप्पर जळालं. त्याच्या आदल्या दिवशी तू मला न सांगता कुणाची तरी बैलगाडी मागून घेतलीस, एकटा माझ्या गावाला गेलास आणि माझ्या आईला आणि धाकट्या बहिणीला, विमलला, गाडीत घालून परभणीला आणलंस. वाटेत अडवलं त्यांना म्हणालास, "माझी मावशी हाय. दवाखान्यात न्यायलोय." खोलीच्या मालकालाही तेच सांगितलंस. त्या दोघी पाऊस सरेपर्यंत तुझ्या खोलीत राहिल्या आणि तू माझ्या वसतिगृहात, माझ्याच खाटेवर, माझ्या पायाशी डोकं करून. आई मरेपर्यंत तुला भाचा म्हणत होती.

मी मात्र तुला सोडलं नाही. सगळं शांत झाल्यावर विचारलं, "दिगू, तू त्यांना प्रोटेक्ट केलंस का हाइड?" तू आधी खोलीचं दार लोटलंस. मग म्हणालास, "त्या दिवशी दोन्ही एकच व्हतं, उत्तम."

"मग पेडगावला का नाही नेलंस? तासाभराचा रस्ता. एवढं मोठं माळवदाचं घर तुमचं. तुझी मावशीच होती ना?"

"घरी इचारलं न्हाई."

"कामून?"

"माय न्हाई म्हनली असती तर मला तिच्यासंग ऱ्हाता आलं नसतं."

उत्तर खरं होतं. म्हणूनच मला ते सहन झालं नाही. दिगू, तू गेलास म्हणून मी तुला यातून मोकळं केलं असं समजू नकोस. मला अजून राग आहे. माझ्या आईचा जीव वाचवणाऱ्या माणसावर राग आहे, आणि तो काढायला तेच माणूस पाहिजे. दुसऱ्या कुणावर हा राग बसतच नाही.

आई गेली तेव्हा सगळ्यात आधी तूच आलास. मयताच्या घरी चूल पेटत नाही. राख सावडेपर्यंत बाहेरून भाकरी येते आणि बळंबळं एकेक घास खायला लावतात, तो कडू घास. आमच्या लोकांकडून भाकरी येणारच होती. पण तूही आणलीस. पेडगावहून नव्हे. पालमच्या तुझ्या खोलीत स्टोव्हवर स्वतः थापलेली, एका बाजूने करपलेली, दुसरीकडून कच्ची. वरणात पाणी किती आणि डाळ किती ते देवाला माहीत. "खा," म्हणालास, "नाव ठेवू नको." मी खाल्ली. पोट दुखलं, पण खाल्ली. त्या दिवशी तुझी वहिनी, शांता, मला म्हणाली, "भाऊजींनी केली, यात सगळं आलं." मी म्हणालो, "आईनं करून दिली असती तर सगळं आलं असतं." तू ऐकलंस. ऐकून न ऐकल्यासारखं केलंस. तुला हिअर झालं होतं.

आणि मग आपली ती जोडी सुरू झाली, जी आपण कधीच वर्गात नेली नाही. 'रिसीव्ह' आणि 'ॲक्सेप्ट'. पेडगावला तुझ्या घरी मी किती वेळा आलो! ओसरीवर सतरंजी टाकलेली असायची. चहा यायचा, साखर भरपूर, हुरड्याच्या दिवसांत हुरडा यायचा. तुझी माय दारातून विचारायची, "बरा हाईस का, उत्तम? लेकरं बरी हाईत?" आवाजात काही खोटं नसायचं. पण उंबऱ्याच्या आत ये असं ती कधी म्हणाली नाही, आणि मी मावशी म्हणत असलो तरी तिने माझ्या घरचं पाणी कधी तोंडी लावलं नाही. परतताना मी तुला म्हणायचो, "तुमच्यात स्थळ सांगून येतं, तसा मी येतो. स्थळ आलं, चहा-पोहे झाले, हे झालं रिसीव्ह. सुपारी फुटली की ॲक्सेप्ट. माझी सुपारी काही फुटंना."

तू म्हणायचास, "मायला येळ दे."

"किती वेळ? गावं जळून किती वर्षं झाली?"

"ती बदलायलीय, उत्तम. तुला दिसंना."

"दिसंना म्हणजे नाही. दाखव."

हे भांडण पालमच्या रस्त्यावर झालं, एसटीत झालं, माझ्या घरी जेवताना झालं. शांताच्या हातचं पिठलं खाताना तुझे डोळे गळायचे, नाक गळायचं. "वहिनी, मानूस मारता काय?" असं ओरडायचास आणि ताट पुढे करायचास. तिने एकदा तुझ्यासाठी मिरच्या कमी घातल्या तर तू रुसलास. म्हणालास, "मी पावना हाय का?" तेव्हापासून तिने हात आखडला नाही.

या संक्रांतीला विद्यापीठाचा निकाल लागला. नामांतर नाही, नामविस्तार. जुनं नाव राहिलं आणि नवं त्याला जोडलं. आमच्या गल्लीत पोरांनी फटाके उडवले. विमलने परभणीहून पेढे पाठवले. मी पेढा तोंडात घातला आणि रडलो, आणि कशासाठी रडतोय ते कळेना म्हणून चिडलो. तू तिळगूळ घेऊन आलास. आमच्यात संक्रांत नाही, पण तुझा तिळगूळ दरवर्षी खाल्ला. मी म्हणालो, "सांग, 'चेंज' आणि 'एक्स्टेंड' यात फरक काय? आम्ही शर्ट बदलून मागितला. त्यांनी जुन्यालाच बाही जोडून दिली."

"अंगात तर आला ना?"

"ते तू नाही ठरवायचं, दिगू."

तुझा चेहरा उतरला. तुला लागलं ते मला दिसलं. तुझ्यावर माझा हक्क होता म्हणून मी बोललो, आणि तू ऐकून घेतलंस ते त्याच हक्काने. मग तू म्हणालास, "रथसप्तमीच्या आत मायला तुझ्या घरी आणतो. वहिनीच्या हातचं जेवायला. मग तर झालं?"

मला वाटलं चेष्टा करतोयस. "तिला विचारलंस?"

"आवंदा इचारलं."

"काय म्हणाली?"

तू उठलास. बाहेर परभणीची एसटी लागली होती. पिशवी खांद्याला अडकवून हसलास आणि म्हणालास, "सोमवारी सांगतो. गाडी जायलीय." माझ्या घरातून तू बाहेर पडलास तो असा. सोमवारी तू आला नाहीस. मला वाटलं, नेहमीसारखी एसटी चुकली.

कावीळ झाली होती तुला. घरच्यांनी झाडपाल्याचं औषध दिलं, पथ्य ठेवलं, आठवडा त्यातच गेला. मी पेडगावला आलो, ओसरीवरून तुझे पिवळे डोळे बघितले आणि अण्णांवर, तुझ्या थोरल्या भावावर, ओरडलो. दुसऱ्याच्या दारात उभा राहून मी असा कधी ओरडलो नव्हतो.  अण्णांनी जीप आणली. परभणीच्या दवाखान्यात तुला नेलं तेव्हा पोट फुगलेलं होतं आणि तू मधूनच बरळत होतास. मी रजा टाकून विमलच्या घरी येऊन राहिलो, शांतालाही बोलावून घेतलं.

शेवटी शेवटी एकदा तू नीट शुद्धीवर आलास. डॉक्टर तपासून गेले, जाताना इंग्रजीत म्हणाले की होप ठेवा. तू माझ्याकडे बोटाने खूण केलीस. मी कान तोंडाजवळ नेला. तू म्हणालास, "डाक्टरचा शब्द चुकला. त्याला 'विश' म्हनायचं व्हतं."

दिगू, ही जोडी आपण वर्गात शिकवली होती. जे घडू शकतं त्याला होप, जे घडणार नाही हे ठाऊक असूनही मागतो ते विश. तुझा दाखला होता, पेरणी केलेल्याचा पावसासाठी होप, रान विकून बसलेल्याचा विश. पोरं हसली होती. मी त्या खाटेशेजारी उभा राहून तुझ्याशी भांडलो. म्हणालो, "नाही, होपच. डॉक्टरचा शब्द बरोबर आहे. मी होपच्या बाजूने आहे, तू बोल." तू बोलला नाहीस. मी म्हणालो, "बोल की, गप्प बसून जिंकतोस काय?" नर्सने मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास. मला अजून कळत नाही, आपल्यात त्या दिवशी कोण बरोबर होतं असं म्हणायचं. तू बरोबर होतास असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. मी कुणाशी बोलू याबद्दल? शब्दकोशाशी?

तुला पेडगावला आणलं. मी लांब उभा होतो. तुझी माय रडली नाही. भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे, तोंड उघडं. बायका तिला हलवत होत्या, "रड गं माय, रड," म्हणत होत्या. आपसात कुजबुजत होत्या, हिला कुणीतरी रडवा, नाहीतर हीही जाते बघा. ती कुणाकडे बघेना, काही खाईना, पाणी पिईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांता विमलच्या चुलीपुढे बसली. ज्वारीच्या भाकरी थापल्या, पिठलं केलं, ठेचा केला. सगळं दुरडीत भरून वर स्वच्छ फडकं बांधलं. मी म्हणालो, "तिथं सोयऱ्यांच्या भाकरी येतील. आपली कोण घेणार?" ती म्हणाली, "भाऊजींनी थापली होती. आता आपली पाळी." मी चव बघायला बोट लावलं आणि कानातून धूर निघाला. तिने सवयीने तुझ्या बेताचं केलं होतं. मी ओरडलो, "मयताच्या घरी एवढं तिखट कुणी नेतं का?" ती पदर तोंडात कोंबून तिथेच बसली. दुसरं करायला वेळ नव्हता. गाडीची वेळ झाली होती.

दुरडी डोक्यावर घेऊन मी पेडगावच्या स्टेशनावरून चालत आलो. ओसरीवर चार दुरड्या होत्या. अण्णांनी माझ्या हातून दुरडी घेतली. "ठिवा तिकडं," कुणाला तरी म्हणाले, आणि ती भिंतीशी ठेवली गेली, इतरांपासून जरा बाजूला. मुद्दाम बाजूला, की जागा नव्हती म्हणून? मी तेवढंच बघत राहिलो. बाकीच्या दुरड्यांची फडकी सुटली. अण्णांच्या लेकरांना, तुझ्या वहिनींना भरवायला लागले. आमचं फडकं तसंच बांधलेलं होतं. परतीची गाडी होती. मी निघालो.

त्यानंतर दिवस कसे काढले ते तुला कसं सांगू? तू मेलास हे दुःख होतंच. त्याच्याखाली हे दुसरं कुरतडत होतं. ती भाकरी कुणी खाल्ली का? का बैलापुढे टाकली? मला लाज वाटायची, की मित्र गेला आणि हा भाकरीचा हिशोब काय करतोय. पण मला तेवढंच कळायला हवं होतं. इतकी वर्षं ज्यावर भांडलो, त्याचा निवाडा त्या फडक्याच्या गाठीत होता आणि तुझ्यासारखा साक्षीदार नव्हता. शांता रोज विचारायची नाही, पण रोज माझ्याकडे बघायची.

काल मी पेडगावला गेलो. दुरडी आणायला जातो असं घरी सांगितलं. अण्णांनी दुरडी आणून दिली. रिकामी, पुसलेली, फडकं धुऊन घडी घातलेलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, त्यांच्या तोंडावरून काही कळेना. विचारायची हिंमत झाली नाही. तुझ्यासारखाच झालो. विचारलं नाही तर 'नाही' ऐकावं लागत नाही. दुरडी काखेत मारून मी फाटकापाशी पोचलो होतो.

"थांब रे, उत्तम."

तुझी माय दारात आली होती. चौकटीला धरून हळूच उंबऱ्यावर बसली. मी परत आलो आणि खालच्या पायरीवर बसलो.

"पिठलं कुनी केल्तं?"

"शांतानं, मावशी."

"लय तिखट व्हतं."

मी दुरडीतलं फडकं उलगडून परत घडी घातली. 

"अन्ना म्हनला, सोयऱ्याची भाकर हाय, ती खा. मी म्हनलं, माझा दिगू पालमला कुठं जेवायचा? तिथली दे. पैल्या घासालाच डोळ्यातून पानी आलं. मग थांबंचना बघ. बाया म्हनल्या, रडली, बरं झालं." ती थांबली. "दिगू सांगायचा मला, उत्तमच्या घरी जेवताना डोळे गळत्यात. मला वाटायचं, खोटंच सांगायलाय."

"खोटं नव्हतं, मावशी."

"न्हाई. खोटं नव्हतं."

 आत वहिनी लेकरांना हाका मारत होत्या. ती पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती.

"त्यानं इचारलं व्हतं मला. संक्रांतीच्या आधी. येतीस का म्हनला उत्तमच्या घरी. मी हो म्हनले न्हाई रे. न्हाई बी म्हनले न्हाई. बघू म्हनले." तिने माझ्याकडे बघितलं. "माझ्या लेकराला मी बघू म्हनले."

तर हे तुझं सोमवारचं उत्तर, दिगू. "बघू." एवढ्या एका शब्दावर तू हसत एसटीत चढलास. बघू म्हणजे तुला हो वाटलं. मला सांगितलं असतंस तर मी म्हणालो असतो, बघू म्हणजे नाही. आणि आपण रथसप्तमीपर्यंत भांडलो असतो. मला ते भांडण पाहिजे आहे. दुसरं काही नको.

ती मला आत ये म्हणाली नाही. मीही उठलो नाही. ती उंबऱ्यावर रडत होती, मी पायरीवर. मध्ये ती रिकामी दुरडी. याला कोणता शब्द आहे ते मला ठरवता येत नाही, आणि ज्याला ठरवता आला असता तो तूच होतास. भाकरी तिने खाल्ली, तुझ्यासाठी खाल्ली. माझ्यासाठी खाल्ली का, ते मला माहीत नाही. तू म्हणाला असतास, एकच झालं. मी म्हणालो असतो, एक नव्हे. पण घास तिच्या पोटात गेला, दिगू. सोयऱ्याची बाजूला सारून तिने आमची मागून घेतली. एवढं मी कबूल करतो. या जोडीत तू जिंकलास, लेका. शांताला घरी येऊन सांगितलं तर ती आधी रडली आणि मग म्हणाली, "हे भाऊजींना कोण सांगणार?"

उद्या मी फळ्यावर ती जोडी लिहिणार आहे. इतकी वर्षं वर्गाबाहेर ठेवलेली. दारापाशी उभं राहून 'रिसीव्ह'च्या बाजूने मी जन्मभर बोलू शकलो असतो, तो माझाच शब्द. पण उद्या मी खिडकीपाशी उभा राहणार आहे, तुझ्या जागी, आणि 'ॲक्सेप्ट'च्या बाजूने बोलणार आहे. दाखला म्हणून एका म्हातारीची आणि तिखट पिठल्याची गोष्ट सांगेन. नावं सांगणार नाही. आवाज फुटला तर फुटला. आणि मग सवयीने थांबेन, समोरून कुणीतरी "न्हाई, चूक!" म्हणून ओरडावं म्हणून.

दारापाशी कुणी नसेल, दिगू.